मागं कोन, पुढं कोन?

माणूस भेटला की आपण काय विचारतो? बरं आहे ना, घरचे कसे आहेत, पाऊसपाणी काय म्हणतं. काष्टीचे सोडाचाचा यातलं काहीच विचारत नसत. समोरच्याला पागोट्यापासून पायताणापर्यंत न्याहाळत, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत, आणि नव्याने बदलून आलेल्या फौजदाराच्या आवाजात विचारत, “मागं कोन, पुढं कोन?”

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चालत्या गाडीत तिकिटं फाडत होतो. सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी एसटीत नवा कोरा कंडक्टर. खाकी कपड्यांची घडी अजून मोडलेली नव्हती, आणि आपण घंटी दिल्याशिवाय पृथ्वी फिरत नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सकाळी नगरहून निघायचं, श्रीगोंदा, काष्टी करत दौंडला जायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतायचं, हे माझं राज्य. त्या राज्यात एक लुंगीवाला, डोक्यावर जाळीची टोपी घातलेला गृहस्थ मला खालच्या आवाजात विचारतो, मागं कोन? मला वाटलं, पाठीमागे खिसेकापू उभा आहे. मी गर्रकन वळलो. मागे एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. म्हातारी दचकली, कोंबडी फडफडली आणि सगळी गाडी खदखदून हसली.

चाचा हसले नाहीत. “तसं न्हाई, कंडक्टरसाब. तुमच्या हातात काम कोन देतं आन् तुमी ते पुढं कुनाच्या हातात देता?”

“मागं डेपो,” मी म्हणालो, “आणि पुढं प्रवासी.”

“आन् प्रवाशाच्या पुढं?”

“त्याचं घर.”

“बघा! म्हंजे तुमी हितं घंटी उशिरा वाजिवली की तिकडं कुनाची तरी भाकरी गार हुती.” एवढं बोलून त्यांनी तिकीट टोपीत खोचलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले. माझी मात्र त्या दिवशी एकही घंटी उशिरा वाजली नाही. राग आला होता, तरी.

हा प्रश्न त्यांनी न्हाव्याला विचारला, शाळेतल्या गुरुजींना विचारला, जनावरांच्या डॉक्टरला तर गाईच्या पोटात हात असताना विचारला. एकदा वरातीत घोडा थांबवून त्यांनी नवरदेवाला गाठलं. नवरदेव मुंडावळ्यांतून म्हणाला, “मागं वऱ्हाड, पुढं सासरा.” चाचा म्हणाले, “आन् सासऱ्याच्या पुढं?” नवरदेव इतका विचारात पडला की घोडा हलला तरी त्याच्या लक्षात आलं नाही आणि बिचारा पडता पडता वाचला.

चाचांचा कारखाना म्हणजे बाजारतळाच्या कडेला एक पत्र्याची शेड. ‘कारखाना’ हा शब्द त्यांचा. बाकी गाव ‘चाचाची पत्रं’ म्हणे. आत लाकडी चौकटीचं, हाताने फिरवायचं एक यंत्र. गोटीच्या बाटल्या त्यात अडकवायच्या, गॅसची नळी सोडायची आणि दांडा धरून बाटल्या गरागरा उलट्यापालट्या करायच्या. हवेच्या जोराने गोटी वर येऊन बाटलीच्या गळ्यात घट्ट बसली की सोडा तयार. कधी एखादी बाटली तोफेसारखी फुटे, म्हणून चाचा तोंडाला तारेची जाळी बांधत. त्यांच्या डाव्या भुवईत एक खाच होती. ती बाटलीची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण नव्या माणसाला ते ती पैलवानाची, अनोळख्याला दरोडेखोराची आणि पोलिसाला बैलाची सांगत.

त्यांचा सोडा साधा नव्हता. बाटलीत ते खऱ्या लिंबाचा रस घालत, साखरमिठासकट. शहरातल्या अर्काला ते नावं ठेवत, “त्यो काय रस हाय? लिंबाचा फोटू हाय.” पण खऱ्या रसाची एक खोड असते, एक रात्र गेली की तो कडवट होतो. तेव्हा लिंबं ताजी हवीत, बाटल्या मोकळ्या हव्यात, बर्फ वेळेवर हवा, आणि हे सगळं एकाच दिवशी हवं. यातलं एकही चाचांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात फक्त दांडा होता.

आणि साखरमीठही त्यांच्या हातात नव्हतं, ते चाचींच्या हातात होतं. चाची म्हणजे ठेंगण्या, गोऱ्या आणि जिभेला धार लावलेल्या. दोघांत एकच भांडण होतं आणि ते लग्नापासून चालू होतं. चाचांना साखर जास्त हवी, चाचींना मीठ. चाची म्हणत, “उन्हातनं आलेल्या मानसाला मीठ लागतं.” चाचा म्हणत, “मानूस आधी जिभंनं पितो, मग पोटानं.” कारखाना चाचांचा, त्यामुळे साखर जिंके. चाची चमचा आपटत आणि म्हणत, “घाला. मुंग्याबी येतील गिऱ्हाईक म्हनून.”

आता एक शनिवार सांगतो. शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. बैल, म्हशी, शेळ्या, दलाल, चार तालुक्यांची धूळ. ऊन असं की बैलसुद्धा सावलीची बोली लावतील. माझ्या गाडीच्या टपावर बर्फाच्या लाद्या होत्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. नगरचा बर्फवाला बन्सी मोठा उत्साही गडी. चाचांना उशीर नको म्हणून त्याने त्या दिवशी बर्फ पहिल्याच गाडीला चढवला. वाटभर पाणी ठिबकत होतं आणि खिडकीजवळचे प्रवासी एकेक करून आतल्या बाजूला सरकत होते. काष्टीला मी लाद्या उतरवल्या. चाचा उभे होते, पण यंत्र बंद.

“लिंबं?” मी विचारलं.

लिंबं आबांच्या बागेतली. आबा म्हणजे काष्टीच्या अलीकडच्या वळणावरचे बागाईतदार, मालाचा मोठा अभिमान. चार दिवसांनी रस आणखी भरेल म्हणून त्यांनी लिंबं झाडावरच ठेवली होती. आणि बाटल्या? बाटल्या सोपानच्या हॉटेलात. सोपान काष्टीतला सगळ्यात टापटिपीचा हॉटेलवाला. रिकाम्या बाटल्या तो धुवायचा, पुसायचा, रांगेत लावायचा आणि खोकं पूर्ण भरल्याशिवाय परत पाठवायचा नाही. अर्धं खोकं पाठवणं त्याला कमीपणाचं वाटे.

चाचा बर्फाशेजारी उकिडवे बसले. लादी डोळ्यांदेखत लहान होत होती. एक कुत्रं येऊन ओल्या जागेवर पसरलं, मग दोन कोंबड्या आल्या. चाचांनी त्यांना हाकललं नाही. म्हणाले, “बघा कंडक्टरसाब. बन्सीनं बर्फ लवकर धाडला. आबानं लिंबू झकास पिकू दिलं. सोपाननं बाटली आरशावानी पुसली. सगळ्यांनी आपापलं काम एक नंबर केलं. म्हनून माझं वाटोळं झालं.”

मी आजपर्यंत अनेक मोठ्या लोकांची भाषणं ऐकली. धंदा का बुडतो, हे कुणी याहून नीट सांगितलेलं आठवत नाही.

पुढच्याच आठवड्यात, बाजार नसलेल्या एका आडवारी, चाचांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. माझा ड्रायव्हर तात्या आणि मी सुट्टी धरून गेलो, बन्सीला नगरहून घेऊन गेलो. आबा आले, सोपान आला. आबांना सामिष चालत नव्हतं म्हणून चाचींनी भरली वांगी, तिखटजाळ आमटी आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. चाचांनी आम्हाला एका ओळीत बसवलं, पण कुठे बसायचं ते त्यांनीच ठरवलं. चुलीजवळ बन्सी, मग तात्या, मग मी, मग आबा, मग सोपान, आणि शेवटी दाराजवळ स्वतः. “आज मी गिऱ्हाईक,” म्हणाले. नियम एकच. उठायचं नाही, वाढायला कुणी येणार नाही. चुलीवरून जे येईल त्यातलं आपलं घ्यायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं.

मंडळी, तुम्ही ती पंगत बघायला हवी होती! बन्सीने सवयीप्रमाणे घाई केली; भाकरी, वांगी, आमटी, कांदा, जे आलं ते धडाधड तात्याच्या मांडीवर ढकललं. तात्याचे दोन्ही हात भरले. ज्याचे हात भरलेत तो जेवणार कसा? त्याने ते माझ्याकडे लोटलं, मी आबांकडे लोटलं. आबांनी आमटीचं पातेलं हातात घेतलं आणि त्याच वेळी त्यांना आपला एक जुना बैल आठवला. बैलाची गोष्ट संपेपर्यंत पातेलं आबांच्या मांडीवर. सोपान भाकऱ्या एकावर एक नीट रचत बसला. पूर्ण चवड झाल्याशिवाय पुढे द्यायचं त्याला जमेना. चाचा रिकाम्या ताटापुढे हात बांधून शांत बसले होते, एखाद्या चोख गिऱ्हाइकासारखे. शेवटी त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते असं: भाकऱ्यांचा डोंगर, तोही गार, आणि आमटीच्या तळाची लसणाची एक पाकळी.

इतक्यात आतून चाची कडाडल्या, “अजून थापू का थांबू? पीठ मळलंय परातभर! कुनी तोंड उघडंल का?”

चाचांनी पाकळी उचलून सगळ्यांना दाखवली. “ऐकलं? पुढं काय चाललंय ते चुलीला कुनी सांगितलंच न्हाई. आन् चुलीनं काय धाडलंय ते मला कुनी सांगितलं न्हाई. हे माझं दर शनिवारचं जेवान हाय, मंडळी.”

आबांनी मांडीवरचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, “आरं पर एवढंच सांगायचं हुतं तर नुसतं सांगायचं! उपाशी कशाला ठिवलंस?”

“सांगून तुमी ऐकलं असतं?”

“न्हाई,” आबा म्हणाले, आणि दुसऱ्या पंगतीला सगळे पोटभर जेवलो.

त्या दिवशी जे ठरलं ते चाचांनी आयुष्यभर ‘आपलं बांधकाम’ म्हणून मिरवलं. टपावर बर्फ चढला असेल तर आबांच्या वळणावर तात्याने लांबलचक हॉर्न द्यायचा. हॉर्न ऐकला की आबांनी लिंबं तोडायला घ्यायची आणि मागून येणाऱ्या पहिल्या बैलगाडीत टाकायची. हॉर्न नाही, तर लिंबाला हात लावायचा नाही. सोपानने रिकाम्या बाटल्या असतील तेवढ्या, धुतलेल्या नसल्या तरी चालतील, तासातासाला परत करायच्या. आसपासच्या गावांतल्या हॉटेलांच्या बाटल्या संध्याकाळच्या गाडीने आम्ही आणायच्या. त्याचं लगेजचं तिकीट चाचा स्वतः मागून घेत. मी एकदा म्हणालो, दोन-चार बाटल्यांना कसलं तिकीट? तर म्हणाले, “साखळीत एक चोरटी कडी असली की पयली तीच तुटती.”

हॉर्नचा मात्र फार्स झाला. पहिल्याच दिवशी तात्याने वळणावर असा हॉर्न दिला की पेंगणारी गाडी उठून बसली. एक मिशाळ म्हातारा चिडला. “रस्त्यात कुत्रं न्हाई, मांजार न्हाई, हॉर्न कुनाला देतूस रं?”

तात्या पुढेच बघत म्हणाला, “लिंबांना.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. पुढच्या थांब्यावर तो उतरला. त्याला तिथे उतरायचं होतं की नाही, देव जाणे.

पण चाक फिरलं. बाटल्या तेवढ्याच होत्या, यंत्र तेच होतं, पण एकच बाटली शनिवारी इतक्या वेळा भरली जायला लागली की लोकांना वाटलं चाचांनी नवा माल आणला. बर्फ जमिनीवर न वितळता बाटल्यांवर वितळू लागला. चाचा तर चेकाळलेच. बन्सीला भुसा कुठला घ्यावा ते सांगत, आबांना झाडाची फांदी कुठे छाटावी ते सांगत, तात्याला चहा कुठल्या थांब्यावर प्यावा ते सांगत. आबा वैतागून म्हणत, “ह्याला लिंबू दिलं तर हा झाडाच्या मुळात येऊन बसलाय!”

सगळं असं छान चाललेलं असताना शेजारच्या गावची चैत्रातली यात्रा आली.

ही यात्रा म्हणजे चाचांचं पावसाळ्याचं पोट. पाऊस लागला की सोडा कोण पितो? यात्रेत जे मिळे त्यावर शेड, यंत्र आणि दोन माणसं दिवाळीपर्यंत तगत. आदल्या वर्षी, म्हणजे आमच्या पंगतीच्या आधी, चाचांचा सोडा कुस्त्या रंगात यायच्या आधीच संपला होता आणि तहानलेल्या लोकांनी दंगा केला होता. त्यामुळे या वर्षी यात्रा कमिटीचे पाटील नगरच्या एका एजंटाशी बोलून बसले होते. त्याच्याकडे कंपनीची रंगीत पेयं, ट्रकभर. चाचांनी पाटलांचे पाय धरले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, “मागं कोन, पुढं कोन?” पाटील म्हणाले, “मागं देव, पुढं गाव, आन् मधी तू नको!” पण इतक्या वर्षांचा मान एकदम काढून घेणं त्यांनाही बरं वाटेना, म्हणून शेवटी असं ठरलं: या वर्षी चाचाच. पण शेवटची कुस्ती सुटेपर्यंत सोडा पुरला पाहिजे. मधे संपला, तर तिथल्या तिथे एजंटाचा ट्रक आत येणार आणि पुढे यात्रेचा मान कायमचा त्याचा.

आणि मान गेला तर? चाचींच्या भावाचं पुण्यात सायकलचं दुकान होतं. तो कधीपासून म्हणत होता, यंत्र विका आणि या इकडे. मेहुण्याच्या हाताखाली पंक्चर काढायची! आबांना तेवढंच पाहिजे होतं. “जलमभर बाटलीत हवा भरली, आता ट्यूबात भर,” म्हणाले. चाचा हसले, पण पान चघळायचे थांबले. ते थांबले की समजावं, माणूस घाबरलाय.

यात्रेच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. यंत्र बैलगाडीतून आणून कडुलिंबाच्या सावलीत बसवलं होतं. बन्सीचा बर्फ आला, आबांची लिंबं आली, गॅसची टाकी आली. सोपानने आपलं हॉटेल बंद ठेवून तिथे मांडणी लावली होती. चाचा दांडा फिरवत होते, चाची पाण्याने भरलेल्या लोखंडी टिपाशी बसून बाटल्या धूत होत्या. फस्स, फस्स, असा आवाज सगळ्या यात्रेवर पसरला होता. पलीकडे ट्रकच्या सावलीत टेरिलीनचा शर्ट घातलेला एजंट छत्री लावून बसला होता आणि घड्याळ बघत होता.

ऊन कलायला लागलं, फडात नामी जोड उतरले, आणि चाचांचा दांडा थांबला.

बर्फ होता. लिंबं होती. गॅस होता. बाटल्या नव्हत्या.

कुठे गेल्या? मी शोधायला धावलो. निम्म्या बाटल्या फडाच्या कडेला माणसांच्या हातात. पिऊन झालेलं होतं, पण कुस्ती बघताना हातातलं काही खाली ठेवावं हे कुणाला सुचत नव्हतं. एकाने तर तीन बाटल्या काखेत मारल्या होत्या आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. आणि देवळाच्या मागे, दगडांच्या आड? तिथून ठाक, ठाक आवाज येत होता. यात्रेतली झाडून सगळी पोरं बसून बाटल्या फोडत होती. गोट्यांसाठी! सबंध पंचक्रोशीत तशी हिरवट, देखणी गोटी विकत मिळत नव्हती.

मी येऊन सांगितलं तेव्हा चाचा बर्फाच्या लादीवरच बसले. त्यांना गारही लागलं नाही. बोटं मोडत पुटपुटायला लागले, “मागं बन्सी हाय. आबा हाय. तुमी हायसा. पुढं सोपान हाय, त्याच्या पुढं गिऱ्हाईक हाय. संपलं की. कडी तुटली कुठं?”

टिपाशी चाची रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. म्हणाल्या, “ओ, ऐका की. ह्या टिपात बाटली कोन टाकतं?”

“सोपान.”

“आन् सोपानला कोन देतं?”

“गिऱ्हाईक.”

“मंग? ज्याला तुमी शेवट म्हनताय, त्यो माझ्या मागं बसलाय की! जगाला इचारत हिंडताय, मागं कोन, मागं कोन. त्याला कधी पंगतीत बसिवला का?”

चाचांचं तोंड उघडंच राहिलं. पान पडलं.

चाची उठल्या. गाडीतल्या गाठोड्यातून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. कारखान्यात जन्मभर फुटलेल्या बाटल्यांच्या गोट्या त्या त्यात साठवत आल्या होत्या, का ते त्यांनाही माहीत नसावं. डबा त्यांनी डोक्यावर धरून खुळखुळवला आणि पदर खोचून अशी आरोळी दिली की फडातला पंचसुद्धा वळला. “पोरांनो! धड बाटल्या आना, गोटी न्या! फुटकी आनली तर कान पिरगाळीन!”

मग जे झालं त्याला यात्रा म्हणावं की लूट, मला ठरवता येत नाही. देवळामागून पोरांचा लोंढा सुटला आणि फडात घुसला. मांडीखालच्या बाटल्या निघाल्या, टांग्याखालच्या निघाल्या, काखेतल्या तीन निघाल्या. एका पोराने घाईत कुणाचा तरी पितळी तांब्या आणला, चाचींनी तो परत पाठवला. खुद्द पाटलांच्या हातातली बाटली एका पोराने हिसकली. पाटील ओरडले, “आरं, माझं प्यायचं ऱ्हायलंय!”

पोरगं पळता पळता म्हणालं, “मंग बघत काय बसलाय?”

दांडा पुन्हा फिरू लागला. आता बाटली प्यायच्या आधीच पोरं माणसासमोर उभी राहत आणि त्याच्या गळ्याच्या घाटीकडे टक लावून बघत. लोक मुकाट्याने घटाघटा पिऊन मोकळे होत. शेवटची कुस्ती दिवेलागणीला सुटली. जिंकलेला पैलवान मातीने माखलेला तसाच आला आणि चाचांनी त्याच्या हातात थंडगार बाटली दिली. पाटील बघत होते. त्यांनी आपलीही एक अर्धी राहिलीय म्हणून दुसरी मागितली.

एजंट ट्रक घेऊन निघाला तेव्हा वाटेत थांबला. त्यालाही सोडा हवा होता. चाचांनी त्याला सोडलं नाहीच. “मागं कोन, पुढं कोन?”

“मागं कंपनी,” तो म्हणाला, “आणि पुढं तुमची बायको नसती, तर अख्खी यात्रा.” भला माणूस. रिकामी बाटली त्याने स्वतः नेऊन टिपात ठेवली आणि चाचींपुढे हात पसरला. चाचींनी त्याला गोटी दिली.

पुढे चाचा ही गोष्ट सगळीकडे सांगत, आणि त्यात डबा त्यांनीच काढलेला असे. चाची ऐकून घेत. फक्त त्या दिवशीच्या सोड्यात मीठ जरा जास्त पडे, आणि चाचा त्यावर ब्र काढत नसत.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली पाथर्डीच्या बाजूला झाली, मुक्काम तिसगावला. निरोपाला मी शेडवर गेलो. वाटलं होतं, चाचा गळ्यात पडतील. त्यांनी एक भरलेली बाटली माझ्या हातात दिली. “तिकडं पोचल्यावर प्या. रिकामी परत धाडा.”

“चाचा, तिसगाव कुठं, काष्टी कुठं! कशी धाडू?”

“ते तुमी बघा. एवढी वर्षं काय शिकला मंग?”

मी बघितलं. तिसगावहून नगरच्या गाडीचा कंडक्टर, नगरच्या स्टँडवरचा हमाल, मग आमचा तात्या, तात्याकडून चाचा. रिकामी बाटली गेली आणि त्याच हातांनी भरून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. कित्येक वर्षं ती बाटली हिंडत होती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. येईपर्यंत रस कडवट झालेला असे, पण अंगठ्याने गोटी आत ढकलली की तोच फस्स आवाज येई, आणि तो आवाज मला विचारी, मागं कोन, पुढं कोन?

मग एकदा मी रिकामी पाठवलेली बाटली रिकामीच परत आली.

नगरच्या गाडीचा कंडक्टर ती माझ्या हातात देताना दुसरीकडे बघत होता. मी बाटली हलवली, आतली गोटी वाजली. घरी येऊन ती कोनाड्यात ठेवली. बायकोला वाटलं, आता ती तिथेच राहणार. तिने खाली कागदसुद्धा अंथरला.

पण मला ती तिथे बघवेना. दुःख होतंच. त्याहून वाईट म्हणजे येता-जाता कोनाड्यातून आवाज यायला लागला, “कंडक्टरसाब, बाटली अडकवून बसलाय व्हय?” काही दिवस कळ काढली. मग एका सकाळी उठलो आणि बाटली नगरच्या गाडीत ठेवून आलो. काही परत येईल या आशेने नव्हे. ती कुणापाशी थांबलेली त्यांना आवडली नसती, एवढंच.

तिसगावच्या बाजाराच्या दिवशी ती आली. जड होती.

मी स्टँडवर उभ्यानेच गोटी ढकलली. फस्स! तोंडाला लावली. वाटेचा नेहमीचा कडवटपणा होता, लिंबू होतं, साखर जेमतेम होती, आणि मीठ. चांगलं सणसणीत मीठ. उन्हातून आलेल्या माणसाला लागतं तेवढं.

बायको बाजाराची पिशवी घेऊन आली होती. तिने विचारलं, “कसा आहे?”

“मीठ जास्त आहे,” मी म्हणालो, आणि नळावर बाटली धुऊन संध्याकाळची गाडी गाठायला निघालो.